गिअरबॉक्स उतरवण्याआधी वाचा: क्लचबद्दल सारखे येणारे प्रश्न

वाईच्या अलीकडे रोडला आमचं छोटं गॅरेज आहे. पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या आणि न जाऊ शकलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या आमच्याकडे येतात, त्यामुळे क्लच हा विषय रोजचाच. फोनवर लोक तेच तेच विचारतात आणि मी तेच तेच सांगतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलंय. आधीच सांगतो, "क्लच गेला" म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांचा बिघाड गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडतो. आणि गिअरबॉक्स एकदा खाली उतरला की लेबरचं मीटर सुरू झालं, मग आत काही निघो न निघो.

१. क्लच म्हणजे आत नक्की काय असतं? गॅरेजवाला प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असं काय काय सांगतो, डोक्यावरून जातं.

इंजिनच्या मागे एक जड लोखंडी चाक फिरत असतं ते फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच प्लेट, तिच्या दोन्ही अंगांना ब्रेक लायनरसारखं मटेरियल रिव्हेट मारून बसवलेलं असतं आणि ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असते. तिला मागून दाबून धरते ती प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमध्ये ताटलीसारखी स्प्रिंग असते, तिच्या मधल्या पट्ट्यांना आम्ही फिंगर म्हणतो. तुम्ही पेडल दाबलं की वायर किंवा ऑइलच्या दाबाने रिलीज बेअरिंग पुढे सरकून फिंगर दाबतं, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि प्लेट मोकळी होते. पाय काढला की परत चिमटा बसला.

म्हणजे पाय पेडलवर नसताना क्लच लागलेला असतो आणि पेडल दाबलं की सुटतो. एवढं डोक्यात बसलं की तक्रारी आपोआप तीन ढिगांत पडतात: क्लच नीट लागत नाही (स्लिप मारतो), क्लच नीट सुटत नाही (गिअर अडकतात), आणि लागतो-सुटतो पण आवाज किंवा थरथर आहे. तुमची गाडी कुठल्या ढिगातली ते आधी ठरवा.

२. क्लच संपत आलाय हे सुरुवातीला कसं कळतं?

पहिल्यांदा कळतं ते चढावर. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर जातो आणि गाडी मात्र तेवढ्या जोमात जात नाही. गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काहीच जाणवत नाही, म्हणून लोक म्हणतात "गाडी मस्त चालतीय, फक्त ॲव्हरेज कमी झालंय". पिकअप कमी झाला म्हणून प्लग, फिल्टर, इंजेक्टर सगळं बदलून मग आमच्याकडे आलेले पण आहेत. काटा आणि स्पीड यांचं नातं तुटलं तर क्लच, आणि दोन्ही एकदमच सुस्त असतील तर इंजिन. हा फरक डोळ्याने दिसतो, त्याला मेकॅनिक लागत नाही.

३. गॅरेजला न जाता क्लच चेक करायची खात्रीशीर टेस्ट आहे का?

आहे, आणि फुकट आहे.

रस्ता मोकळा आणि थोडा चढाचा बघा. इंजिन गरम झालेलं पाहिजे, गाडीत दोन-तीन माणसं असली तर अजून चांगलं. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास स्पीड धरा आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. चांगला क्लच असेल तर गाडी कुरकुर करत, जड जड, पण काटा आणि स्पीड हातात हात घालून वर जातील. संपलेला असेल तर काटा एकदम हजार-दीड हजाराने उडी मारेल आणि स्पीड जागेवरच. टर्बो डिझेल असेल तर ही टेस्ट २००० आरपीएमच्या आसपास करा, कारण त्याच्या खाली टर्बो जागाच झालेला नसतो, क्लचवर जोर येत नाही आणि टेस्ट खोटीच पास होते.

दुसरी, उभ्या गाडीची टेस्ट. सपाट जागा, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पाय ब्रेकवर, गाडीसमोर कोणी उभं नाही. चौथा गिअर टाकून क्लच नेहमीच्या वेगाने सोडा. इंजिन धाडकन बंद पडलं तर पकड आहे. बंद न पडता गुरगुरत चालूच राहिलं तर लगेच पेडल दाबा, उत्तर मिळालं. ही टेस्ट एकदाच करायची. काही जण मित्राला दाखवायला, मग बायकोला दाखवायला, मग व्हिडिओ काढायला असं चार-पाच वेळा करतात आणि बरा असलेला क्लच पण भाजून घेतात.

आणि ही दुसरी टेस्ट पास झाली म्हणून क्लच ठणठणीत असं समजू नका. थोडा थोडा स्लिप मारणारा क्लच यात पास होतो पण चढावरच्या टेस्टमध्ये पकडला जातो. नापास झाला तर मात्र वाद नाही. पण नापास झाला तरी लगेच प्लेट मागवू नका, आधी प्रश्न ५ वाचा.

४. पसरणी घाटात जळका वास आला, बॉनेटमधून थोडा धूर पण आला. क्लच गेला का?

मे महिन्यात आणि लाँग वीकेंडला हा प्रश्न दिवसाला चार वेळा. गेला असेलच असं नाही.

घाटात काय होतं बघा. पुढे एसटी, तिच्या पुढे अजून पन्नास गाड्या, लाईन दोन फूट सरकते आणि थांबते. ड्रायव्हर गाडी मागे जाऊ नये म्हणून हाफ क्लचवर धरून ठेवतो. म्हणजे फ्लायव्हील फिरतंय, प्लेट उभी आहे आणि दोघं एकमेकांवर घासतायत, सहाणेवर खोड घासावं तसं. पाच मिनिटांत लायनर इतकं तापतं की वास गाडीत येतो. तापलेल्या लायनरची पकड तेवढ्यापुरती कमी होते, गाडी ओढत नाही, मग माणूस अजून रेस देतो आणि अजून तापवतो.

अशा वेळी जागा मिळाली की गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पेडलवरून पाय काढा आणि अर्धा तास चहा प्या. इंजिन थोडा वेळ नुसतं चालू राहिलं तर चालेल, फिरत्या फ्लायव्हीलने आत हवा खेळते. गार झाल्यावर प्रश्न ३ मधली चढावरची टेस्ट करा. पकड परत आली असेल तर सावकाश पुढे जा.

मागच्या मे मध्ये एक हॅचबॅक आली, पाच माणसं, मागे बॅगा, वर कॅरिअरवर पण बॅगा. वास एवढा की आमचा पोरगा टपरीवरून उठून आला. त्यांना वरती कोणीतरी पूर्ण क्लच सेटचा (प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग) भाव सांगून ठेवला होता. मी गाडी वडाखाली उभी करायला लावली, पाऊण तासाने स्वतः चढावर घेऊन गेलो, चौथ्यात दाबली, काटा आणि स्पीड बरोबर गेले. म्हटलं जावा, फक्त उभं राहायचं तर हँडब्रेकवर. ते गेले, महाबळेश्वर करून परत पण आले, हात करून पुढे गेले. दिवाळीनंतर मात्र तीच गाडी क्लच बदलायलाच आली, कारण त्या दिवशी लायनर जेवढं खाल्लं गेलं तेवढं गेलंच होतं. म्हणजे वास आला की क्लच लगेच मरत नाही पण आयुष्य कमी होतं.

एक साधी खूण: घाट चढताना वास आला तर क्लच, उतरताना आला तर ब्रेक. दोन्ही वास सारखेच असतात, जळक्या लायनरचे. प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास असेल तर तो वायरिंगचा, तेव्हा चहा पीत बसू नका, गाडी बंद करून बॅटरीचं टर्मिनल काढा.

५. गाडी क्लच एकदम वर आल्यावर उचलते. म्हणजे प्लेट संपली ना?

हे अर्धंच खरं आहे आणि इथेच जास्त लोक फसतात.

तुमची गाडी वायरवाली असेल (जुन्या छोट्या गाड्या बऱ्याचशा तशाच) तर प्लेट झिजत जाते तशा फिंगर मागे येतात, वायरमधला ढिलेपणा संपत जातो आणि गाडी वर वर उचलायला लागते. पण तो ढिलेपणा ॲडजस्ट करायला नट दिलेला असतो. पेडल हाताने हलवून बघा, वरती साधारण दीड-दोन सेंटीमीटर मोकळं, बिनजोराचं हललं पाहिजे (नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो). ते अजिबात नसेल तर तुम्ही पाय काढल्यावर पण रिलीज बेअरिंग फिंगरला थोडं दाबूनच असतं, म्हणजे क्लच पूर्ण लागतच नाही आणि चांगली प्लेट सुद्धा स्लिप मारते. दहा मिनिटांचं पान्याचं काम. नट शेवटपर्यंत सोडून पण ढिलेपणा येत नसेल आणि स्लिप चालूच असेल तर मग प्लेट संपली म्हणा.

हायड्रॉलिक क्लच (वायरऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा) असेल तर ऑइल स्वतःच ती झीज भरून काढत असतं, त्यामुळे पेडल किती वर उचलतं यावरून प्लेटचं आयुष्य सांगणं म्हणजे अंदाजपंचे. तिथे प्रश्न ३ चीच टेस्ट खरी.

उलट गाडी एकदम तळाशी उचलत असेल तर तो दुसऱ्या ढिगातला प्रॉब्लेम, प्रश्न ७ आणि ८ बघा.

६. पेडल खूप जड झालंय, डावा पाय दुखतो.

वायरवाल्या गाडीत पहिला संशय वायरवर. आतले तार गंजतात, तुटायला लागतात, कोटिंग फाटून वायर घासत घासत चालते. वायर काढून हातात धरून ओढून बघितली की लगेच कळतं, करकर लागते. नवीन वायर काही शे रुपयांची गोष्ट, आणि जुनी तशीच ठेवली तर कधीतरी रस्त्यातच तुटणार (प्रश्न १४). वायर गुळगुळीत असेल तर मग फोर्कचा (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याचा) पिव्होट सुकलाय किंवा प्रेशर प्लेटच म्हातारी झालीय. प्लेट झिजली की फिंगरचा कोन बदलतो आणि दाबायला जास्त जोर लागतो, त्यामुळे वर्षभरात हळूहळू जड झालेलं पेडल हे बऱ्याचदा क्लच संपत आल्याचं लक्षण असतं. एका दिवसात जड झालं असेल तर वायर किंवा काहीतरी अडकलंय.

७. पेडल एकदम मऊ झालंय, कधी कधी खालीच राहतं, दोन-तीनदा मारलं की ठीक होतं.

हा हायड्रॉलिकवाल्यांचा. प्लेटचा यात काही दोष नाही, सेट बदलू देऊ नका.

पंप केल्यावर बरं होतंय म्हणजे लाईनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलला जोडलेला, ऑइल ढकलणारा सिलिंडर) रबर सील दाब धरत नाहीये. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा, बऱ्याच गाड्यांत क्लचचं ऑइल त्याच डबीतून येतं. क्लचचा पाइप डबीच्या वरच्या बाजूला काढलेला असतो, म्हणजे लेव्हल कमी झाली तर आधी क्लच जावा आणि ब्रेकला ऑइल उरावं. त्यामुळे क्लच मऊ होणं ही कधी कधी ब्रेकची पण सूचना असते, दुर्लक्ष नको.

मग गळती शोधा. पेडलच्या वर हात घालून बघा, मॅट उचलून बघा, ओलं-चिकट लागलं तर मास्टर सिलिंडर. बॉनेटखाली गिअरबॉक्सवर बसवलेला छोटा सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा, ओला असेल तर स्लेव्ह. दोन्ही कोरडे आणि लेव्हल तरी कमी होतीय, तर बऱ्याच नवीन गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवतीच बसवलेला असतो, तो गळत असणार. तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर खालून थेंब दिसतात. यालाच फक्त गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि उतरवलाच आहे तर प्लेटची अवस्था बघून सेट पण विचारात घ्या, कारण लेबर दोनदा द्यायला कोणालाच परवडत नाही.

टॉपअप करताना झाकणावर जे लिहिलंय (डॉट ३ किंवा डॉट ४) तेच घाला. एकाने स्टीअरिंगचं ऑइल ओतलं होतं, रंग बरा दिसला म्हणून. सगळी रबरं फुगली, मास्टर, स्लेव्ह, ब्रेकचे सिलिंडर, सगळं बदलावं लागलं. आणि ब्रेक ऑइल पेंटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उठतो.

८. गिअर पडत नाहीत, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो. क्लच की गिअरबॉक्स?

इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतायत आणि चालू केल्यावर अडकतायत, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बंद असताना पण अडकतात तर गिअरच्या केबल, लिंकेज किंवा गिअरबॉक्स. फक्त एकच गिअर, समजा दुसरा, खरखरतो आणि बाकी ठीक, तर सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी) गेली, क्लचला बोल लावू नका.

रिव्हर्सचं थोडं वेगळं आहे. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, त्यामुळे पेडल दाबल्या दाबल्या टाकला तर चांगल्या गाडीत पण खर्र होणार. पेडल पूर्ण दाबा, मनात चार आकडे मोजा, मग टाका. तरी खर्र झालं तर क्लच सुटत नाहीये हे नक्की.

सुटत नसेल तर क्रमाने बघायचं: वायर ढिली झालीय का, हायड्रॉलिकमध्ये हवा आहे का (प्रश्न ७), फोर्क वाकलाय का, आणि सगळ्यात शेवटी आत प्लेट वाकडी किंवा शाफ्टवर अडकतीय का. आणि या सगळ्याच्या आधी पायाखालची मॅट. मी मस्करी करत नाहीये. नवीन जाड मॅट टाकली, पेडल तळापर्यंत जात नाही, दोन सेंटीमीटर कमी पडतात आणि गिअर खरखरतात. साताऱ्याहून एक काका क्लच सेट घेऊन, म्हणजे अक्षरशः डिकीत खोका घेऊनच आले होते बसवायला. मॅट काढली, गिअर पडले. खोका परत केला त्यांनी, दुकानदाराने घेतला पण, नशीब.

९. क्लचमधून आवाज येतो, पण गाडी नीट चालते. कसला आवाज असेल?

गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, काचा खाली, एसी-पंखा बंद. आता पाय पेडलवर नुसता टेकवा, मग हळूहळू पूर्ण दाबा.

पाय टेकवताच किंवा दाबताना घर्रर्र किंवा चीं असा आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग. पाय काढलेला असताना आवाज आहे आणि दाबल्यावर बंद होतो, तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा, कारण पेडल दाबलं की तो शाफ्ट थांबतो. आयडलिंगला खडखड आणि दाबल्यावर जाते अशी असेल तर प्लेटमधल्या छोट्या स्प्रिंग ढिल्या झाल्यात किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (प्रश्न १२). पेडलचाच कर्रकर्र आवाज, इंजिन बंद असताना पण येणारा, तो बिजागरीचा, थोडं ग्रीस लावा आणि विसरा.

रिलीज बेअरिंग वाजतंय म्हणून लगेच गाडी बंद पडत नाही, महिने-महिने वाजत राहतं. पण पूर्ण जाम झालं की फिंगर खातं, मग प्रेशर प्लेट पण गेली. लांबचा प्रवास ठरला असेल तर त्याआधी करून घ्या.

१०. पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरते, झटके मारते.

आधी इंजिनची माउंटिंग रबरं बघा. एकाने ब्रेक दाबून पहिल्यात क्लच जरासा सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून (समोर नाही) इंजिनकडे बघायचं. इंजिन उचलल्यासारखं झोका घेत असेल तर माउंटिंग फाटलंय. रबर बदलून थरथर गेली अशा गाड्या महिन्याला एखादी तरी येतेच.

माउंटिंग ठीक तर मग आत बघावं लागतं. लायनर भाजून काचेसारखं चकचकीत झालेलं, फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग, किंवा प्लेटला ऑइल लागलेलं. ऑइल येतं ते इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या सीलमधून. ऑइल लागलेली प्लेट धुऊन, घासून परत बसवता येते असं कोणी म्हणालं तर हात जोडा. लायनर ऑइल पिऊन बसतं, गरम झालं की परत सोडतं.

११. फक्त प्लेट बदलली तर चालेल का? सेट महाग सांगतायत.

चालते, पण मी तरी स्वतःच्या गाडीला करणार नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिघं बरोबर म्हातारे होतात. खर्चाचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचा असतो, आणि दीड हजार वाचवून सहा महिन्यांनी बेअरिंग वाजायला लागलं की तोच खर्च परत. आमच्याकडे छोट्या पेट्रोल गाडीचा सेट, लेबर धरून, ७ ते १० हजारांत बसतो, मोठ्या डिझेलचा त्याच्या बराच वर जातो.

गिअरबॉक्स खाली असताना तुम्ही तिथे उभे राहा आणि तीन गोष्टी डोळ्याने बघा. जुनी प्लेट: रिव्हेटच्या डोक्यावर लायनर अर्धा मिलिमीटर पण उरलं नसेल तर बदलणं बरोबरच होतं, दीड-दोन मिलिमीटर शिल्लक दिसत असेल तर "मग प्रॉब्लेम काय होता?" असं सरळ विचारा. फ्लायव्हील: बोट फिरवलं की खाचा लागतात का, लागल्या तर लेथवर फेसिंग मारून घ्यायला सांगा. आणि मागचं ऑइल सील: ओलं असेल तर आत्ताच बदला, तेवढ्यासाठी परत सगळं उतरवावं लागतं. जुनं सामान डिकीत टाकून घरी न्या, भंगारात का जाईना, पण तुमच्या हाताने.

१२. आमच्या डिझेलला ड्युअल मास फ्लायव्हील बदलायला सांगितलंय, चाळीस हजारांच्या वर खर्च. खरंच लागतं का?

हे फ्लायव्हील दोन भागांचं असतं, मधे स्प्रिंग, डिझेलचे झटके पोटात घ्यायला. स्प्रिंग थकली की इंजिन चालू किंवा बंद करताना खडाड् असा दणका येतो, आयडलिंगला खडखड राहते आणि पेडलमध्ये पण जाणवतं. अशी लक्षणं नसताना फक्त "क्लच बदलतोय तर हे पण बदलून टाकू" म्हणत असतील तर थांबा. गिअरबॉक्स उतरवल्यावर हाताने फिरवून दोन भागांतला खेळ मोजता येतो, किती खेळ चालतो ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मोजून दाखवा म्हणा. याला साध्या फ्लायव्हीलसारखं लेथवर फेसिंग मारून घेऊ नका. साधं फ्लायव्हील बसवून पैसे वाचवणारे पण आहेत, गाडी चालते, पण थरथर वाढते आणि तो मार गिअरबॉक्सला बसतो.

१३. क्लच किती किलोमीटर चालायला पाहिजे? माझा ३५ हजारात गेला, कंपनी वॉरंटी देत नाही.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक ४० हजारात संपवते, दुसरी १ लाख पार करते. फरक डाव्या पायाचा. हायवेला चालणाऱ्या गाडीचा क्लच कमी वेळा दाबला जातो म्हणून टिकतो. पुण्यात रोज सिग्नलला हाफ क्लचवर डुलत उभी राहणारी, किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे सरकत जाणारी लवकर संपते. पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर बेअरिंग चोवीस तास ड्युटीवर. पाय ठेवायला डावीकडे जागा दिलेली असते, तिथे ठेवा.

सीएनजीवर क्लच लवकर जातो असं म्हणतात. सीएनजीवर इंजिनची ताकद थोडी कमीच पडते, त्यामुळे क्लचवर जास्तीचा जोर येतो असं नाही, पण गाडी उचलत नाही म्हणून लोक जास्त रेस देऊन जास्त वेळ हाफ क्लच ठेवतात, त्याने जातो.

वॉरंटीचं म्हणाल तर प्लेट ब्रेक पॅडसारखी झिजणारी वस्तू धरतात, नुसती झिजली म्हणून देत नाहीत. पण स्लेव्ह सिलिंडर गळला किंवा ऑइल सील गेल्यामुळे प्लेट खराब झाली तर ते झिजणं नव्हे. जॉबकार्डवर कारण लिहून मागा आणि तोच मुद्दा धरा.

१४. रस्त्यात क्लच वायर तुटली. गाडी गॅरेजपर्यंत नेता येईल का?

सपाट, मोकळ्या रस्त्यावर, चार-पाच किलोमीटर असेल तर येईल. इंजिन बंद, पहिला गिअर टाका, समोर मोकळं आहे ना बघा आणि चावी मारा. स्टार्टरच्या जोरावर धक्के खात गाडी निघते आणि इंजिन चालू होतं. ज्यांच्या गाडीत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही त्यांनी पेडल दाबूनच चावी मारा, वायर तुटलीय तर दाबून काही सुटणार नाहीच. थोडा स्पीड आला की ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल करा, इंजिन जरा खाली येऊ द्या आणि दुसरा गिअर जोर न लावता टेकवून धरा, योग्य जागी आला की स्वतःच पडतो. थांबायच्या आधी न्यूट्रल करायला विसरू नका.

घाटात, बाजारपेठेत, रात्री, किंवा लहान मुलं गाडीत असताना हे अजिबात करू नका, टोचन करून आणा. आणि थोड्या लांबसाठी स्टार्टरची वाट लावू नका, तो वायरीपेक्षा महाग.

१५. पावसाळाभर गाडी उभी होती, आता चालू होते पण पेडल दाबून पण गिअर पडत नाही.

कोकणात घर असलेल्या मुंबईकरांचा हा दरवर्षीचा. दमटपणाने फ्लायव्हीलवर गंज येतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. पेडल दाबलं, प्रेशर प्लेट सुटली, पण प्लेट चिकटलेलीच. इंजिन चांगलं गरम करा, मग बंद करून मोकळ्या जागी प्रश्न १४ सारखं गिअरमध्ये चालू करा, पेडल पूर्ण दाबलेलं ठेवा आणि ॲक्सिलरेटर हलका मारा-सोडा करा. एक फट् असा आवाज येऊन सुटते. दोन-तीन प्रयत्नांत नाही सुटली तर हट्ट करू नका, लायनरच उचकटून येईल.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला मात्र हे करू नका, तिचं आधी सगळं ऑइल बघायचं, चावी पण लावायची नाही.

१६. नवीन सेट टाकला तरी तीच तक्रार आहे. सामान डुप्लिकेट असेल का?

असू शकतं, पण जास्त वेळा काम घाईत झालेलं असतं. फेसिंग न मारलेलं फ्लायव्हील, गळतं सील तसंच ठेवलेलं, शाफ्टला खंडीभर ग्रीस लावलेलं जे उडून लायनरवर गेलं, हवा न काढलेली, किंवा वायर ॲडजस्टच केलेली नाही. प्लेट उलटी बसवल्याची केस पण बघितलीय, प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं तरी. उलटी प्लेट पहिल्याच दिवशी कळते, क्लच सुटतच नाही. तक्रार महिन्याभराने परत आली तर ऑइल सील.

आणि पहिले चार-पाचशे किलोमीटर थोडा वास, थोडी थरथर असू शकते, लायनर बसायला वेळ लागतो. त्या काळात लगेच पसरणी चढायला येऊ नका.

१७. एएमटी किंवा आयएमटी गाडीला क्लच नसतो ना? मग गॅरेजवाला क्लच संपला कसं म्हणतो?

क्लच असतो, पेडल नसतं. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी आली तेव्हापासून हा गैरसमज आहे. एएमटीत गिअर आपोआप बदलतात, पण आत तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट, फक्त दाबायला तुमच्या पायाऐवजी ॲक्चुएटर, म्हणजे पायाचं काम करणारं यंत्र. २०२० मध्ये ह्युंदाईच्या व्हेन्यूमध्ये आयएमटी आला, त्यात गिअर हाताने टाकायचा पण क्लच सेन्सर आणि मोटर बघतात.

या गाड्या चढावर ॲक्सिलरेटरने धरून ठेवल्या की तोच हाफ क्लच होतो जो प्रश्न ४ मध्ये आहे, फक्त तुम्हाला पायाला काही कळत नाही. चढावर थांबलात की ब्रेक किंवा हँडब्रेक, ॲक्सिलरेटर नाही. बदलताना अजून एक गोष्ट, नवीन प्लेट बसवल्यावर स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग करावं लागतं, म्हणजे नवीन क्लच कुठे पकडतो ते गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवायचं. ते न करता गाडी हातात दिली तर पहिल्या गिअरला बेडकासारखी उड्या मारत जाते. स्कॅनर नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका. आमच्याकडे पण नाहीये अजून, त्यामुळे एएमटी आली की मी सरळ पुढे पाठवतो.